हवेत संपणारा जिना आणि सफोकची जुनी चर्चं

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या खेड्यातल्या चर्चमध्ये शिरलात तर वेदी आणि रंगीत काचा निवांत नंतर बघा, आधी भिंतीतला जिना शोधा. लोकांचा बसायचा मोठा हॉल जिथं संपतो आणि वेदीकडचा भाग सुरू होतो तिथं बाजूच्या भिंतीत बऱ्याचदा एक बारकं दार असतं, अंग चोरून एक माणूस कसाबसा जाईल एवढं, आत झिजलेल्या दगडी पायऱ्या गोल फिरत वर जातात आणि वर भिंतीतच दुसऱ्या एका दारात संपतात, आणि त्या दाराच्या पुढं काहीच नाही. नुसती हवा. पाऊल टाकलं की डायरेक्ट खाली फरशीवर. मी दाजींना म्हणलं, मिस्त्री अर्ध्यातनं पळून गेला काय हो? दाजी म्हणले, पळून नाही गेला, पुढचं काढून टाकलंय, आणि ते का काढलं हे कळलं की इथली निम्मी चर्चं कळली असं समज.

तर माझी चुलत बहीण आणि दाजी इप्सविचला असतात, सफोक जिल्ह्यात, त्यांच्याकडं गेलो होतो. घरचे सगळे लंडनला ते मोठं चाक, लंडन आय, बघायला गेले आणि मी आणि दाजी गाडी काढून गावं फिरत बसलो. दाजींना ह्या चर्चचा नाद आहे, आणि मला म्हणाल तर मी सोलापूरचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या सूत आणि चादरी, त्यामुळं कुठंही गेलो की हे सगळं कुणाच्या पैशानं झालं हा प्रश्न पहिला पडतो. तिथं तो प्रश्न एकदम बरोबर लागू पडला, त्याचं पुढं सांगतो.

आधी थोडं नकाशाचं. हे चर्च पूर्व-पश्चिम असतं, वेदी पूर्वेला, टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला, आणि आत यायचं दार दक्षिणेच्या बाजूनं, त्याला पोर्च. आत दोन भाग. मोठा तो नेव्ह, म्हणजे गावकऱ्यांचा, आणि पुढं अरुंद तो चॅन्सेल, म्हणजे पाद्रीचा, वेदी तिकडं. आणि ही वाटणी नुसती बसण्या-उठण्याची नव्हती, खर्चाची पण होती. चॅन्सेल नीट ठेवायची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे ज्याला गावच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळायचा त्याची, आणि नेव्हची जबाबदारी गावाची. म्हणून बऱ्याच ठिकाणी बाहेरनं बघितलं तरी कळतं, नेव्ह उंचच्या उंच, मोठाल्या खिडक्या, नवीन छप्पर, आणि त्याला चिकटून जुनाट बुटकं चॅन्सेल. गावाकडं पैसा आला आणि रेक्टरनं हात आखडता घेतला, एवढाच त्याचा अर्थ. नेव्हमध्ये तेव्हा फक्त प्रार्थना होत नव्हती, गावच्या बैठका व्हायच्या, चर्चसाठी पैसे जमवायला बिअर गाळून विकायचे, त्याचा हिशोब चर्चवॉर्डन, म्हणजे गावानं नेमलेले कारभारी, ठेवायचे. बसायला बाकडी पण सुरुवातीला नव्हती, लोक उभे राहायचे नाहीतर गुडघ्यावर, म्हाताऱ्या आजारी लोकांसाठी भिंतीला लागून दगडी कट्टा असायचा. सगळीकडं लाकडी बाक ही गोष्ट चौदाव्या-पंधराव्या शतकातली.

आता जिना. ह्या दोन भागांच्या मध्ये कोरीव लाकडी जाळीचा पडदा असायचा, खालच्या फळ्यांवर संतांची चित्रं, वर नक्षीची जाळी, आणि जाळीच्या डोक्यावर एक माळा. त्या माळ्यावर, किंवा त्याच्याही वर आडव्या तुळईवर, क्रूसावरचा येशू, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान, मोठ्ठे लाकडी रंगवलेले पुतळे. ह्याला रूड म्हणतात. त्याच्यापुढं मेणबत्त्या जळायच्या, त्या लावायला, साफसफाईला वर जायचं तर जिना पाहिजे, म्हणून तो जिना. चर्चमध्ये पाय ठेवला की नजर सगळ्यात आधी तिथंच जाणार अशी ती रचना होती, वेदी तर जाळीच्या पलीकडं अर्धी झाकलेली.

मग सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली, म्हणजे पोपचा अधिकार झुगारणारे आणि पुतळे-चित्रांची पूजा म्हणजे मूर्तिपूजा म्हणणारे लोक वर आले. राजा आठव्या हेन्रीनं पोपशी फारकत घेतली तरी गावातल्या चर्चचं आतलं रूप त्याच्या काळात बऱ्यापैकी टिकलं, खरा घाव बसला तो १५४७ ला त्याचा पोरगा सहावा एडवर्ड गादीवर आला तेव्हा, आणि गादीवर आला तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा, म्हणजे कारभार कोण करत असणार ते तुम्हीच समजा. पुतळे काढा, भिंतीवरची चित्रं चुन्यानं पोता, १५५० मध्ये दगडी वेद्या फोडा आणि लाकडी टेबल ठेवा. मध्ये मेरी राणी आली, ती जुन्या, पोपच्या बाजूची, तिनं सगळं परत बसवायला लावलं, पाचेक वर्षांत ती वारली, मग एलिझाबेथ आली आणि परत काढा. गावकऱ्यांचं काय होत असेल विचार करा, खर्च प्रत्येक वेळी त्यांच्याच खिशातनं. १५६१ मध्ये हुकूम निघाला की माळे पाडा पण खालची जाळी ठेवली तरी चालेल. म्हणून आज जाळ्या दिसतात, माळे जवळपास कुठंच नाहीत, आणि जिना दगडात बांधलेला, तो कोण फोडत बसणार, तो तसाच राहिला.

एकदा हे डोक्यात बसलं की बघायची पद्धतच बदलते, मी तर प्रत्येक चर्चमध्ये काय आहे हे सोडून काय नाही तेच शोधत सुटलो.

ह्यातली सगळ्यात भारी जागा म्हणजे वेनहॅस्टन. छोटं गाव, साधं चर्च, बाहेरनं बघून गाडी पण थांबवणार नाही कुणी. आत भिंतीवर ओकच्या फळ्यांचं एक प्रचंड चित्र टांगलंय, इ.स. १५०० च्या आसपासचं, शेवटच्या न्यायाचं. वर इंद्रधनुष्यावर बसलेला येशू, खाली मायकेल देवदूत तराजू घेऊन माणसं तोलतोय, उजव्या टोकाला नरक म्हणजे एक अगडबंब माशाचा जबडा, त्यात लोकं साखळीनं ओढून नेलेत, आणि दुसऱ्या बाजूला स्वर्गाच्या रांगेत उभे असलेले अंगावर चिंधी नाही पण डोक्यावर टोपी शाबूत, राजाला मुकुट, बिशपला त्याची उंच टोपी, म्हणजे बाकी सगळं गेलं तरी पोस्ट कळली पाहिजे. हे चित्र बघून हसू आलं मला, आणि मला वाटतं तेव्हाच्या लोकांनापण येत असणार.

पण मुद्दा पुढं आहे. चित्राच्या मधोमध तीन मोठे कोरे आकार आहेत, रंगच नाही तिथं, नुसतं लाकूड. एक क्रूसाचा, आणि दोन्ही बाजूला एकेक उभ्या माणसाचा. हा रूड. चित्र रंगवलं तेव्हा पुतळे फळ्यांना ठोकलेले असणार, चित्रकारानं त्यांच्या कडेकडेनं रंगवलं, नंतर पुतळे उचकटून नेले आणि त्यांची जागा तेवढी राहिली. पुतळे कुठल्या चुलीत गेले देव जाणे, पण त्यांची उंची, हाताचा घेर, उभं राहायची ढब सगळं आज पण त्या कोऱ्या लाकडात दिसतं. मी तिथं जवळ जाऊन बघत उभा, तर दाजी मागनं, "काय बघलालास रे एवढं त्या मोकळ्या जागेत?" इतकी वर्षं तिकडं राहून पण बोलणं अजून आपलंच आहे त्यांचं, बरं वाटतं ऐकून.

आणि हे चित्र वाचलं कसं ते ऐका. सुधारणेच्या काळात त्याच्यावर चुना फासला आणि वर बायबलातली वाक्यं लिहिली, त्यात राज्यकर्त्यांचं ऐका अशा अर्थाचं वाक्य, अगदी सोयीचं. पुढं तीनशे-साडेतीनशे वर्षं कुणाला पत्ता नाही की आत काय आहे. १८९२ मध्ये चर्चची दुरुस्ती काढली, ह्या जुन्या पांढऱ्या फळ्या काय कामाच्या म्हणून काढून बाहेर दफनभूमीत टाकल्या, जाळायलाच. रात्री पाऊस आला, चुना धुवून निघाला आणि सकाळी खालून माणसं बाहेर आलेली. तिकडं पाऊस कायम पडतो म्हणून लोक कंटाळतात, पण ह्या एका पावसाला माफ आहे बाबा सगळं.

वेनहॅस्टनपासून जवळच ब्लिथबर्ग. हे चर्च मात्र लांबनंच दिसतं, नदीच्या दलदलीच्या काठावर एवढं मोठं जहाजासारखं उभं. आत गेलं की उजेडच उजेड, पांढऱ्या भिंती, साध्या काचा, जुनं चंदेरी पडलेलं लाकूड. येणारा प्रत्येक जण म्हणतो किती शांत, किती प्रसन्न. आणि गंमत अशी की ह्यातलं काहीच बांधणाऱ्यांच्या मनात नव्हतं. त्यांचं चर्च रंगानं खच्चून भरलेलं होतं, खिडक्यांत रंगीत काचा, मेणबत्त्यांचा धूर, भिंतीवर चित्रं, दारासमोर बहुतेक सगळीकडं येशू बाळाला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर, कारण त्याचं तोंड बघितलं की त्या दिवशी अचानक मरण येत नाही अशी समजूत. आपण जे प्रसन्न प्रसन्न म्हणतो ते काचा फुटल्यामुळं आणि चुना फासल्यामुळं. मला स्वतःला ते चर्च आवडलंच, खोटं कशाला बोलू, पण त्याचं क्रेडिट कुणाला द्यायचं हे मात्र कळेना.

ब्लिथबर्गच्या छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत, पाठीला पाठ लावून जोडी-जोडीनं, फिक्या रंगाचे अवशेष अजून तुळयांवर आहेत. पण मला जास्त आवडली ती खालची बाकं. बाकांच्या टोकाला एकेक छोटा माणूस कोरलाय, त्यातले काही ख्रिश्चन धर्मातल्या सात महापापांपैकी. आळस म्हणजे चक्क अंथरुणात उठून बसलेला माणूस, खादाड म्हणजे स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून बसलेला, आणि लोभी स्वतःच्या पैशाच्या पेटीवर बसलाय. हाताला लागतील एवढ्या उंचीवर आहेत हे, आणि इतकी वर्षं लोकांनी येता जाता हात टेकून टेकून त्यांची डोकी गुळगुळीत केलीत, नाक-डोळे जवळजवळ गेलेत. हे सुतार काय नावाचे होते कुणालाच माहीत नाही, पण त्यांनी गावातलीच माणसं बघून कोरली असणार, अंथरुणातला तो आळशी बघून मला आमच्या गल्लीतला एक जण आठवला, नाव घेत नाही.

बाकी बारकीबारकी भोकं, कोनाडे हे बघायला वेळ काढा. वेदीच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत, एक छोटा कोनाडा असतो, तळाला दगडी वाटी आणि वाटीला भोक. त्याला पिसिना म्हणतात. मिस्साच्या, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेच्या वेळचं, पवित्र भांडी आणि हात धुतलेलं पाणी कुठंही सांडायचं नाही, ते ह्या भोकातून भिंतीतून थेट चर्चच्या पवित्र जमिनीत जिरलं पाहिजे. पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी गोमुखातून बाहेर जातं आणि ते कुणी ओलांडायचं नाही, तोच विचार, फक्त इथं ते पाणी कुणाच्या दृष्टीलाच पडत नाही. पिसिनाच्या शेजारी भिंतीतच तीन दगडी आसनं, पाद्री आणि त्याच्या दोन मदतनिसांची. ती कुणी फोडली नाहीत, कारण नुसत्या खुर्च्याच त्या. एखाद्या भिंतीला तिरकं भोक पाडलेलं दिसेल, त्यातून डोळा लावून बघितलं तर बरोबर मुख्य वेदी दिसते, बाजूच्या वेदीवरच्या पाद्रीला तिकडं काय चाललंय ते कळावं म्हणून. आणि काही ठिकाणी खाली फरशीत चालता चालता एखादा मोठा दगड असा लागतो की त्यावर पाच बारके क्रूस कोरलेत, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. ती जुनी दगडी वेदी. फोडायचा हुकूम होता, कुणीतरी ती उताणी नाहीतर पालथी जमिनीत बसवली आणि वर लोक चालायला लागले, म्हणजे हुकूम पण पाळला आणि दगड पण वाचला.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ असतं, कारण तिथूनच माणूस चर्चमध्ये येतो. त्याच्या काठाला हात फिरवा, लोखंडाच्या कड्या उपटल्याच्या खुणा, तुटका दगड, नंतर ठिगळ लावलेलं सापडेल. १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनं सांगितलं की कुंडावर झाकण आणि कुलूप पाहिजे, कारण लोक मंतरलेलं पाणी चोरून जादूटोण्याला न्यायचे. नॉरफोक आणि सफोकमध्ये अष्टकोनी कुंडं आहेत, सात बाजूंना चर्चचे सात संस्कार कोरलेले, बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याला शेवटचं तेल लावणं वगैरे, आठवी बाजू दुसऱ्या प्रसंगाला. अशी चाळीसेक राहिलीत, आणि बहुतेकांतल्या माणसांची तोंडं छिन्नीनं उडवलेली. साऊथवोल्डला जाळीवरच्या संतांचं पण तेच, सोन्याची नक्षी, कपड्यावरची वेलबुट्टी जशीच्या तशी आणि चेहरे खरवडलेले. फक्त चेहरे. मला तर ती कपड्याची बुट्टी बघूनच खुळ्यागत झालं, रिपीट, म्हणजे तीच नक्षी परत कुठं सुरू होते, ते शोधत बसलो.

आता पैसा. सफोकमध्ये बांधायला धड दगडच नाही, शेतात सापडणारा गारगोटीचा दगड, फ्लिंट, तो फोडून त्याची काळी चकचकीत बाजू बाहेर ठेवून भिंती केल्यात, आणि चांगला चुनखडीचा दगड बाहेरनं आणून मधे मधे नक्षीला, अक्षरांना बसवलाय. लाँग मेलफर्डला तर भिंतीच्या वरच्या कडेनं देणगीदारांची नावं अशी दगडात लिहिलीत, ह्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा म्हणून. इतकं सगळं परवडायला कारण एकच, लोकर. लोकरीचं कापड. लॅव्हनहॅम नावाचं गाव आहे, निळ्या कापडासाठी प्रसिद्ध, १५२४ च्या कर-आकारणीत हे एवढंसं गाव इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांच्या यादीत चौदाव्या नंबरला होतं. तिथल्या चर्चचा टॉवर १४१ फूट, आणि पैसा घातला तो ऑक्सफर्डचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, आणि स्प्रिंग नावाचं कापडवाल्यांचं घराणं ह्यांनी. टॉवरच्या पायथ्याला बघा, अर्लचा तारा आहे आणि त्याच्या शेजारी स्प्रिंगचा व्यापारी मार्का, तोच जो ते मालाच्या गाठींवर मारायचे. म्हणजे देवाच्या दारात सरळ ट्रेडमार्क. मला एवढा आनंद झाला ते बघून की फोटो काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, काकांचा रिप्लाय आला, आपण पण देवळाच्या पंख्यावर नाव टाकतोच की.

नंतर लॅव्हनहॅमचं कापड पडलं. डच विणकर कोलचेस्टरला येऊन हलकं, स्वस्त कापड काढायला लागले आणि ह्यांचा जाड माल मागं पडला. गावात पैसा राहिला नाही म्हणून कुणी घरं पाडून नवी बांधली नाहीत, आणि त्यामुळं आज तिथं तिरकी-तारकी लाकडी घरं जशीच्या तशी आहेत आणि टुरिस्ट येतात. सोलापूरच्या माणसाला ह्याच्यावर जास्त सांगायची गरज नाही, गिरण्यांचं काय झालं ते आपण बघितलंय, फक्त आपल्याकडं टुरिस्ट यायचेत अजून.

आमच्या धंद्याची गोष्ट म्हणून एक सांगतोच. त्या चर्चमध्ये दगड-लाकडापेक्षा कापडात गुंतवणूक कमी नव्हती. वेदीचे पडदे, पाद्रीचे भरजरी झगे, इंग्लंडचं भरतकाम तेव्हा पार पोपपर्यंत नावाजलेलं होतं. उपवासकाळात तर वेदीसमोर पूर्ण आडवा पडदा टांगायचे, काही चर्चमध्ये त्याचे हूक अजून भिंतीत आहेत. १५५२-५३ मध्ये राजाच्या माणसांनी गावोगावची यादी करून चांदी आणि कापड उचललं, आणि ते झगे लोकांच्या घरी पलंगपोस आणि उश्या होऊन गेले. दगड फोडला तरी खूण राहते हो, कापडाचं तसं नाही. आज तिथं कापड म्हणाल तर गुडघे टेकायच्या उश्या, गावच्या बायकांनी भरलेल्या, त्यावर कोंबड्या, ट्रॅक्टर काय वाटेल ते. उलट्या करून टाके बघितले, काम एक नंबर.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा मराठी शिलालेख शके ९४०, म्हणजे १०१८ चा. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी तिकडं हेरफर्डशायरमध्ये किलपेकचं चर्च झालं, गोल कमानी, दारावर साप आणि वेली कोरलेल्या. मग टोकदार कमानी, मग १३४८ ची प्लेगची साथ आणि तिच्या आगेमागे सरळ उभ्या रेषांच्या प्रचंड खिडक्यांची पद्धत, ब्लिथबर्ग आणि लॅव्हनहॅम त्या पद्धतीतले. ह्या पद्धतींना आपण आज जी नावं देतो ती थॉमस रिकमन नावाच्या माणसानं १८१७ मध्ये दिली. एवढं पुरे, जास्त खोलात गेलो तर मलाच झोप येईल.

शेवटची तोडफोड राजा आणि पार्लमेंट ह्यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळातली. विल्यम डाऊसिंग नावाचा माणूस, १६४३-४४ मध्ये पार्लमेंटच्या हुकमानं केंब्रिजशायर आणि सफोकमधली अडीचशेच्या वर चर्चं फिरला आणि काय काय फोडलं त्याची डायरी लिहून ठेवली, आज त्याच डायरीमुळं आपल्याला कळतं कुठं काय होतं. आणि फी घ्यायचा, चर्चकडनंच, साडेसहा शिलिंगच्या वर. ब्लिथबर्गला पण आला होता, देवदूत काढा सांगून गेला, पण ते इतके वर होते की कुणी हात लावला नाही. गावात सांगतात की त्याच्या माणसांनी देवदूतांना गोळ्या घातल्या, आणि दुरुस्तीत लाकडात छर्रे सापडले पण होते. नंतर चर्चच्या जुन्या हिशोबात एंट्री निघाली, छतात घुसणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या जातीचे पक्षी, मारायला पैसे दिल्याची. म्हणजे छर्रे कावळ्यांसाठी होते. दाजी अजून पण पाहुण्यांना डाऊसिंगवालीच गोष्ट सांगतात, म्हणतात ती जास्त चालते.

कुणी जाणार असाल तर छतासाठी दुर्बीण घ्या, छोटी असली तरी चालेल, आणि फरशीसाठी टॉर्च. बहुतेक चर्चं दिवसा उघडी असतात, आत कुणी नसतं, दाराची जड कडी फिरवून आपणच जायचं, आणि जाताना दार नीट ओढून घ्यायचं नाहीतर पाखरं आत शिरतात. देणगीला आता बऱ्याच ठिकाणी दारातच कार्ड टॅप करायचं मशीन असतं.